कढीपत्ता, मावा आणि चमचाभर तेल



मागच्या खेपेस आम्ही इथल्या थंडीबद्दल लिहिलं होतं. ते वाचून अश्दोदच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं. थंडीबद्दल त्यात एक अक्षर नाही! त्या लिहितात, "अंगणातल्या लिंबाच्या झाडाला काय झालंय कळत नाही. पानं चिकट लागतात, वरून काजळी धरली आहे, खोडावर मुंग्यांची रांग. शेजारी म्हणतो, दुकानातून जालीम औषध आण. मला ते नको, नातवंडं दिवसभर त्याच झाडाखाली खेळतात. आमची आई म्हणायची, किडीला तेल लाव. खरंच चालतं का हो? तुम्ही नर्स, तुम्हाला ठाऊक असेल."

नर्सला झाडांचं काय कळतं, असं कुणी म्हणेल. पण उत्तर लिहायला बसलो आणि पत्राचा लेख झाला, कारण हाच प्रश्न आमच्याही दारात गेली दोन वर्षं उभा होता. "चालतं" हे उत्तर एका शब्दाचं. पण कोणतं तेल, किती, कधी, आणि उरलेली बाटली कुठे ठेवायची, हेही सांगायला हवं. यातल्या जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आम्ही एकेकदा चुकलो. एक चूक तर अशी, की सांगायची लाज वाटते. ती शेवटी सांगतो. खरं म्हणजे तिच्यासाठीच हा लेख आहे.

लेक आणि जावई नोकरीसाठी कोबेत, म्हणून निवृत्तीनंतर आम्हीही इथे येऊन राहिलो, हे जुन्या वाचकांना माहीत आहे. घर नादा भागात, रोक्को डोंगराच्या उतारावर. मागे डोंगर, पुढे समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. कोकणातल्या माणसाला परकं वाटू नये अशी जागा. अंगण नाही, गॅलरी आहे. तिच्यात एक लिंबू, दोन मिरच्या, थोडा पुदिना आणि आमचा लाडका कढीपत्ता.

हे कढीपत्त्याचं रोप इथल्याच एका रोपवाल्याकडून घेतलेलं. भारतातून आणलेलं नाही, आणि तुम्हीही कुणी बॅगेत घालून आणू नका. कढीपत्ता हा लिंबू-संत्र्याच्याच कुळातला. सिट्रस सायला नावाची बारीक कीड त्याच्यावर राहते आणि ती लिंबाच्या जातीला ग्रीनिंग नावाचा रोग लावते. त्या रोगावर औषध नाही, झाड तोडावंच लागतं. २०२१ साली ही कीड इस्रायलमध्येही सापडली. फोडणीच्या चार पानांसाठी कुणाची आख्खी बाग जायला नको.

तर दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या लिंबावर मावा पडला. कोवळ्या शेंड्यांवर हिरवे-काळे ठिपके दाटीवाटीने बसलेले. मावा पानाचा रस शोषतो आणि जास्तीचं गोड पाणी बाहेर टाकतो. त्याने पानं चिकट होतात. त्या गोडावर काळी बुरशी वाढते, तीच अश्दोदच्या भगिनींची "काजळी". आणि त्या गोडासाठीच मुंग्या येतात. मुंग्या मावा खात नाहीत, उलट त्याची राखण करतात, गवळ्याने गाई राखाव्यात तशी. म्हणून मुंग्यांची रांग दिसली की वर बघावं. कुठेतरी मावा, खवले कीड किंवा पिठ्या ढेकूण असणारच.

मुलांनो, एक गंमत. जपानी भाषेत माव्याला "अबुरामुशी" म्हणतात. अबुरा म्हणजे तेल आणि मुशी म्हणजे किडा. तेलकिडा! आमच्या नातीने हे सांगितलं तेव्हा आम्ही हसलो. म्हटलं, वा, नावातच तेल आहे, आणि आम्ही तर तेल्यांच्या घरचे.

हे हसण्यावारी नेऊ नका. आपल्या मुलांना ठाऊक असायला हवं, की कोकणात आपल्या लोकांना गाव "शनिवार तेली" म्हणून ओळखायचं. तेल गाळायचा धंदा, आणि शनिवारी, म्हणजे शब्बाथला, घाणा बंद. बाकीच्या तेल्यांचा बैल शनिवारी फिरत असायचा, आमचा दावणीला बसून रवंथ करायचा. आमच्या आजोबांकडे घाणा होता. आम्ही पाहिला तो अगदी शेवटी-शेवटी, पण त्याची करकर आणि तिळाच्या ताज्या तेलाचा वास अजून आठवतो. खोबरेल आणि तिळाचं तेल खाण्याचं, करंजेल खरजेला, उंडेल दिव्याला. प्रत्येक तेलाचं भांडं वेगळं आणि जागा वेगळी. कडू तेलाचं भांडं आजी कधीही खाण्याच्या तेलाशेजारी ठेवू द्यायची नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

झाडावर तेल फवारताना आम्ही आजीला पाहिलं नाही. पण तूरडाळीला एरंडेल चोळताना पाहिलं आहे, आणि तुम्हीही पाहिलं असेल. चार थेंब तळहातावर घ्यायचे, डाळ सुपात घेऊन दाणा न् दाणा चकचकीत होईपर्यंत चोळायची आणि डब्यात भरायची. वर्षभर भुंगेरा लागायचा नाही. कारण असं, की भुंगेरा दाण्यावर अंडं घालतो आणि त्या अंड्यालाही हवा लागते. तेलाचा पातळ थर बसला की हवा बंद, मग अंडं फुटत नाही.

भातशेती केलेल्यांना दुसरंही एक आठवेल. भातावर सुरळीतली अळी पडली, की पाणी भरलेल्या खाचरातून दोघे जण रॉकेलमध्ये भिजवलेला दोर ओढत न्यायचे. सुरळ्या पाण्यात पडायच्या आणि पाण्यावरच्या तेलाच्या तवंगात अळ्या मरायच्या.

आता कोबेची गोष्ट. आमच्या घरापासून वर डोंगराकडे गेलं की एक वस्ती आहे, तिचं नाव सुइशा-शिनदेन. अर्थ विचारला तर नात म्हणाली, "पाणचक्कीची नवी शेती." चौकशी केली तेव्हा कळलं, की अठराव्या शतकात रोक्को डोंगरातून धावत येणाऱ्या नद्यांवर इथे पाणचक्क्यांची रांग होती, आणि त्या चक्क्यांवर सरकी आणि मोहरीच्याच कुळातलं रेपसीड गाळायचे. आमच्याकडे बैल फिरायचा, इथे पाणी फिरवायचं. नादाचं तेल दिव्यासाठी दूरदूर जायचं. पुढे याच नद्यांच्या चक्क्या साकेसाठी तांदूळ सडायच्या कामी आल्या. आज दिसतात ती घरं आणि बसचा थांबा. पण आम्हाला तिथे उभं राहून बरं वाटलं. तेल्यांच्या लेकीचं म्हातारपण तेल्यांच्याच गावात आलं म्हणायचं.

आणि जपानी शेतकऱ्यांनाही ती तवंगाची युक्ती ठाऊक होती! १७३२ साली पश्चिम जपानात भातावर तुडतुड्यांचे थवे आले आणि मोठा दुष्काळ पडला. त्यांच्यावर उपाय म्हणून खाचरातल्या पाण्यावर तेल सोडायचं आणि रोपं हलवून किडे खाली पाडायचे, अशी रीत इथे रूढ झाली. ओकुरा नागात्सुने नावाच्या शेतीच्या जाणकाराने १८२६ साली यावर चित्रांसकट पुस्तक लिहिलं, त्याचं नाव "जोकोरोकु". तेल मुख्यतः देवमाशाचं, ते नसेल तिथे बियांचं. कोकणातला शेतकरी आणि जपानचा शेतकरी एकमेकांना कधी भेटले नाहीत, पण उपाय एकच.

यातलं शास्त्र सोपं आहे. मुलांनो, आपण नाकाने श्वास घेतो. किड्याला नाक नसतं, त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक बारीक भोकं असतात, त्यांतून हवा आत जाते. तेलाने ती भोकं बुजली की किडा गुदमरतो. म्हणून तेल चालतं ते लहान, मऊ आणि जागचे न हलणाऱ्यांवर. मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण, खवले किडीची पिलं, लाल कोळी. मोठ्या अळीला किंवा भुंग्याला तेलाने काही होत नाही. आणि अंगावर पडलं तरच मरतो, शेजारी पडलं तर नाही. पानावर ते विषासारखं टिकून राहत नाही, हा त्याचा गुण आणि हाच दोष.

पण तेल पाण्यात मिसळत नाही, मग फवारायचं कसं? घरातल्या मोठ्यांना सोबत घ्या आणि करून बघा. काचेच्या पेल्यात पाणी घ्या, वर चमचाभर तेल ओता, ढवळा. थोड्या वेळाने तेल पुन्हा वर. आता त्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि ढवळा. पाणी दुधासारखं पांढरं झालं ना? साबणाचं एक टोक तेलाला धरतं, दुसरं पाण्याला. हेच आपलं औषध. प्रयोग झाला की पेला लगेच ओतून घासून टाका.

आता कृती, जशी आम्ही करतो तशी.

साहित्य : कोमट पाणी १ लिटर, करडई, सरकी किंवा तिळाचं साधं खाण्याचं तेल ५ मिलिलिटर, साधा पातळ साबण २ मिलिलिटर.

कृती : आधी साबण आणि तेल एकत्र घोटावं. मग थोडं-थोडं पाणी घालत ढवळावं. फवारताना मधून मधून बाटली हलवावी, नाहीतर तेल वर येतं आणि शेवटच्या फवाऱ्यात निव्वळ तेल पडतं. लागेल तेवढंच करावं, उद्यासाठी ठेवू नये. तेल मोजायला आम्ही सुई काढलेली सिरिंज वापरतो, चाळीस वर्षांची सवय! चमचा वापरलात तर मोजून भरा. प्रत्येकाच्या घरचा चमचा निराळा.

बाजारात नोंदणी केलेलं तयार औषध मिळत असेल तर ते अधिक बरं. त्यात तेल नीट फोडलेलं असतं आणि मात्रा छापलेली असते. इथे जपानात रेपसीडच्या तेलाचं मिळतं, तसंच करडई आणि सरकीच्या तेलाचं मिळतं. डबी वाचून नातीने "करडई" म्हटलं तेव्हा आम्हाला ज्वारीच्या शेताच्या कडेने लावलेली काटेरी करडई आठवली.

आता आमची पहिली चूक. ऑगस्टात कढीपत्त्यावर पिठ्या ढेकूण आले, कापसाचे बोळे चिकटवावेत तसे. आम्हाला राग आला. भर दुपारी, बत्तीस-तेहतीस डिग्रीच्या उन्हात, दुप्पट तेल घालून झाड न्हाऊ घातलं. म्हटलं, जरा जास्त घातलं तर जरा लवकर मरतील. चौथ्या दिवशी पानं तपकिरी, आठवड्याने झाड बोडकं. ढेकूण मेले खरे, पण कढीपत्ताही मेल्यासारखाच. जन्मभर आम्ही रोग्यांच्या नातेवाइकांना बजावलं, "दोन गोळ्या एकदम घेतल्या म्हणून ताप लवकर उतरत नाही," आणि स्वतः मात्र तेच केलं. पानालाही श्वास लागतो, तेलाचा थर जाड झाला की तेही गुदमरतं. वर ऊन पडलं की भाजतं.

म्हणून हे पाळा. आधी दोन पानांवर फवारून दोन दिवस थांबा. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर फवारा, आणि फार उकाड्याच्या दिवसांत फवारूच नका. झाड तहानलेलं असेल तर आदल्या दिवशी पाणी घाला. पानाच्या पाठीवर फवारा, कारण किडी तिथेच बसतात. गंधक मारलेलं असेल तर निदान तीन-चार आठवडे तेल नको, दोन्ही मिळून पान जळतं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा, कारण अंड्यांतून नवी पिलं निघतात. फुलांवर अजिबात नको, तिथे मधमाश्या येतात.

आणि फवारण्याआधी झाडावर मित्र कोण बसलेत ते पाहा. तेल शत्रू-मित्र ओळखत नाही. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला गोल किडा सगळ्या मुलांना माहीत आहे. जपानीत त्याला "तेंतोमुशी" म्हणतात, सूर्यकिडा. तो दिवसाला कितीतरी मावा खातो. पण त्याचं पिलू दिसायला गोड नसतं. काळसर, लांबट, छोट्या सुसरीसारखं. लोक त्यालाच कीड समजून चिरडतात. ते दिसलं तर फवारा खाली ठेवा, काम त्याला करू द्या.

कडुनिंबाबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण त्याचं काम निराळं आहे. निंबोळीत अ‍ॅझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य असतं. ते खाल्लं की किड्याची भूक जाते आणि त्याला कात टाकता येत नाही. किडा पटकन मरत नाही, हळूहळू संपतो, म्हणून धीर लागतो. उन्हात हे द्रव्य लवकर नासतं, तेव्हा तेही संध्याकाळीच. महाराष्ट्रातले शेतकरी ५ टक्के निंबोळी अर्क करतात. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबण मिसळायचा आणि एकूण पाणी १०० लिटर करायचं. कुंड्यांसाठी हिशेब म्हणजे लिटरला ५० ग्रॅम. जपानात मात्र कडुनिंबाचं तेल कीटकनाशक म्हणून नोंदलेलं नाही, झाडाला टवटवी आणणारं म्हणून दुकानात असतं. ज्या देशात राहतो तिथला नियम पाळावा.

याच तेलाने झाडांवरची बुरशी हटवण्याच्या कृतीवर एका अमेरिकन कंपनीने आणि अमेरिकेच्या शेती खात्याने मिळून १९९४ साली युरोपात पेटंट मिळवलं होतं. यात नवं काही नाही, भारतात हे आधीपासून चालतं, असं म्हणून वंदना शिवा आणि इतरांनी ते लढवलं. २००० साली पेटंट रद्द झालं आणि २००५ साली अपिलातही तोच निकाल कायम राहिला. आजीच्या ज्ञानाला कोर्टात साक्ष द्यावी लागली, पण ती जिंकली.

एका अळीपुढे मात्र तेलाचा उपयोग नाही, आणि ती मुलांनी ओळखायलाच हवी. कोबे शहराचं झाड साझांका. थंडीत गुलाबी-पांढरी सुरेख फुलं येतात. पण उन्हाळ्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा शेवटी त्यावर चादोकुगा नावाच्या केसाळ अळ्या दाटीने बसतात. त्यांचे केस डोळ्यांना नीट दिसतही नाहीत, पण अंगाला लागले की दिवसेंदिवस खाज आणि पुरळ. अळीने टाकलेल्या कातीलाही ते केस असतात. हात लावू नका, फवारायलाही जाऊ नका, मोठ्यांना सांगा. केस लागलेच तर चोळायचं नाही. चिकटपट्टीने हलकेच उचलायचे, मग वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, कपडे वेगळे धुवायचे. तरीही पुरळ वाढलं तर डॉक्टर.

आता वासाची तेलं, कापूर आणि पुदिना. कोबेत यांचा इतिहास मोठा आहे. आमच्या ह्योगो प्रांताचा वृक्ष म्हणजे कापराचं झाड, कुसुनोकी. त्याचं पान चुरगाळलं की ट्रंकेतल्या कपड्यांचा वास येतो. १८९९ साली जपान सरकारने तेव्हा आपल्या ताब्यात असलेल्या तैवानात कापराचा मक्ता घेतला, आणि त्या व्यापारात कोबेची सुझुकी शोतेन ही पेढी गबर झाली. १९१८ च्या ऑगस्टात तांदळाच्या महागाईवरून लोक खवळले आणि तिची इथली कचेरी जाळली. १९२७ साली पेढीच बुडाली. सरकारी मक्ता १९६२ पर्यंत चालला. पुदिन्याचं तेल, "हाक्का", आजही इथल्या प्रत्येक औषधाच्या दुकानात छोट्या बाटलीत मिळतं. लोक डासांसाठी शिंपडतात.

या तेलांच्या वासाने किडे थोडा वेळ दूर राहतात, मरत मात्र नाहीत. वास उडाला की परत. आणि घरात मांजर असेल तर ही तेलं मुळीच नकोत. मांजराच्या यकृताला ती पचवता येत नाहीत, आणि अंगावर पडलेलं मांजर चाटून खातं.

इथे आमची मोठी चूक आली.

कढीपत्ता करपल्यावर आम्ही ठरवलं, आता सगळं मोजूनमापून. औषध केलं, त्यात जरा गुण यावा म्हणून कापराचं आणि पुदिन्याचं तेल घातलं. थोडं उरलं. टाकवेना, आपल्या पिढीला काही टाकवत नाही! समोर नातवाची दुधाळ पेयाची छोटी रिकामी बाटली होती, धुतलेली. तिच्यात भरलं, झाकण लावलं आणि गॅलरीत कुंडीमागे ठेवलं. चिठ्ठी लावली नाही. रंग दुधासारखा, बाटली दुधाची, वास पेपरमिंटचा.

दुसऱ्या दिवशी चार वर्षांचा नातू ती बाटली तोंडाला लावून उभा. आठ वर्षांची नात ओरडली, "आजी, ते झाडांचं आहे ना?" आम्ही धावलो. जिभेला लागलं होतं, तिखट लागलं म्हणून त्याने थुंकलं. तोंड धुतलं, डॉक्टरांना फोन केला, त्यांनी सांगितलं तसं रात्रभर त्याच्या उशाशी बसलो. काही झालं नाही. पण त्या रात्री आमच्या डोळ्यांसमोर दुसरंच मूल होतं. मुंबईत शिकत होतो तेव्हाचं. दोन वर्षांचा मुलगा, एरंडेल समजून चमचाभर कापराचं तेल पाजलेलं. आणला तेव्हा आकडी चालू होती. तो वाचला. पण त्याची आई एकच वाक्य म्हणत राहिली, "बाटली तशीच दिसत होती."

हे एकट्या तिचं नव्हतं. अमेरिकेतही एरंडेल समजून मुलांना कापराचं तेल पाजल्याच्या इतक्या घटना झाल्या, की १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला त्या तेलाची विक्रीच बंद करावी लागली. चमचाभर तेलानेही लहान मुलाला आकडी येऊ शकते. कडुनिंबाचं तेलही तसंच. मलेशियात तान्ह्या बाळांना सर्दी-खोकल्यासाठी ते पाजलं आणि बाळं गंभीर आजारी पडली, काही दगावली. याचे अहवाल १९८० च्या दशकात वैद्यकीय नियतकालिकांत छापून आले. आपल्यापैकी अनेक घरांत "झाडाचं आहे, अपाय काय होणार" असं म्हणतात. आम्हीही म्हणत होतो. धोतराही झाडाचाच असतो.

तेव्हा आजी-आजोबांनो, हे कापून फ्रिजवर लावा. झाडांचं औषध कधीही खाण्यापिण्याच्या बाटलीत भरायचं नाही. उरलं तर ठेवायचं नाही. तेलाच्या मूळ बाटल्या कुलपात, औषधांच्या आणि खाण्याच्या तेलापासून दूर. मुलाने प्यायलंच तर वांती करवायची नाही, तेल फुफ्फुसात जातं. बोटं घालायची नाहीत, मीठपाणी द्यायचं नाही. तोंड पुसून काढायचं, बाटली हातात घेऊन लगेच डॉक्टर. इस्रायलमध्ये १०१, जपानमध्ये ११९. इस्रायलच्या वाचकांसाठी हैफाच्या रामबाम इस्पितळात विषबाधेची माहिती देणारं केंद्रही आहे. मुलाला सुस्ती आली, आकडी आली किंवा ठसका लागला तर फोनवर विचारत बसू नका, सरळ गाडी बोलवा.

अश्दोदच्या भगिनींना आता थोडक्यात. पहिले तीन दिवस नळीने जोरात पाणी मारा, पानाच्या पाठीवर. निम्मा मावा त्यानेच जाईल. खोडाला कागद गुंडाळून त्यावर चिकट पट्टी लावा, म्हणजे मुंग्या वर चढणार नाहीत. जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून जातील. आठवडाभर वाट पाहा, सूर्यकिडे येतात का बघा. तरीही उरला तर वरच्या कृतीने संध्याकाळी फवारा. काजळी ओल्या फडक्याने पुसली जाते. फळं धुऊन घ्या. आणि शेजाऱ्याला सांगा, जालीम काही लागलं नाही.

आमचा कढीपत्ता? सहा महिने नुसती काठी होती. लेक म्हणाली, टाकून दे. आम्ही थंडीत तो घरात खिडकीशी ठेवला, पाणी बेताने घातलं. एप्रिलात खोडाच्या बुंध्याशी दोन कोंब दिसले. आज तो गुडघ्याएवढा आहे. परवा पहिल्यांदा चार पानं आमटीच्या फोडणीत घातली. नातू म्हणाला, "आजी, ह्यात काहीतरी वेगळं आहे." आहे खरं.

गॅलरीतल्या कपाटाला आता कुलूप आहे. आतल्या बाटलीवर नातीने तीन भाषांत लिहिलं आहे, मराठीत, हिब्रूत आणि जपानीत : "हे झाडांचं आहे." मराठीतलं एक अक्षर कसं काढायचं ते आम्ही दाखवलं नव्हतं, तिने "न" लिहिला होता. तो तसाच ठेवला आहे.

पुढच्या खेपेस कुणाकडे कोणती कीड आहे ते कळवा. तोवर सांभाळून राहा. शालोम.